‘पाच वर्षं अडकून पडेल ना हो ती?’

दोन वर्षांपूर्वीचा जून. बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता आणि पुढे काय शिकायचं ते विचारायला कुडाळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत रोज पाच-सहा घरं येऊन बसत होती. त्यातलं एक घर मालवणकडचं, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर राहणारं. मुलगी, तिचे बाबा आणि मामा. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून बाबांना सवड होती, नाहीतर मामा एकटाच आला असता.

मामांनी एक माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. किनारा विज्ञान आणि सागरी व्यवस्थापन, बी.एससी. आणि एम.एससी. सलग पाच वर्षं. ‘‘सतराव्या वर्षी सही करायची आणि बाविसाव्या वर्षापर्यंत बाहेर पडायचं नाही. मधेच नको वाटलं तर? पाच वर्षं अडकून पडेल ना हो ती?’’ आणि मग हळूच, ‘‘मॅनेजमेंट म्हणजे बोटीवरचा ऑफिसरच ना?’’

नाही. जहाजावर जायची वाट वेगळी, तिच्या परीक्षा वेगळ्या. या अभ्यासक्रमात जहाज चालवायला शिकवत नाहीत. हा गैरसमज दरवर्षी येतो, तो पहिल्या पाच मिनिटांत काढावा लागतो.

बाबांची अडचण निराळीच. ‘‘आमी हिका शिकयला कित्याक? दर्यातून भायर पडात म्हणान. नि ही परत दर्यातच जातंय म्हणता.’’

मुलगी गप्प. अशा वेळी मी मोठ्या माणसांना चहाला पाठवते. ते गेल्यावर तिने पिशवीतून शंभर पानी वही काढली. नववीत असताना घरापुढची सुरूची दोन झाडं समुद्राने नेली, तेव्हापासून ती मोजत होती. तुळशी वृंदावनापासून भरती जिथे कचरा सोडून जाते त्या रेघेपर्यंत दोर लावायचा आणि किती वाव (पसरलेल्या दोन हातांएवढं माप) भरले ते लिहायचं. तारीख आणि तिथीही लिहिलेली. तिथी का? ‘‘बाबा तिथीच सांगतात.’’

आता खरं सांगायचं तर मी या विषयाच्या बाबतीत एकदा चुकलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाला अशाच जोड-अभ्यासक्रमाला मी उत्साहाने पाठवलं होतं. मुलगा हुशार, गुण उत्तम. पण पदवीवर छापलेलं नाव इतकं नवं आणि लांबलचक होतं की एका प्रकल्पाच्या जाहिरातीत ‘सागरी जीवशास्त्र किंवा समुद्रविज्ञान’ एवढंच लिहिलेलं असल्यामुळे त्याचा अर्ज छाननीतच बाजूला पडला. ही पदवी त्याच विषयाच्या बरोबरीची आहे असं समकक्षतेचं पत्र मिळवेपर्यंत मुदत गेली. त्याने मला दोष दिला नाही, पण मी अभ्यासक्रमाचं नाव वाचलं होतं, पदवीचं नाव विचारलंच नव्हतं.

म्हणून ‘पाच वर्षं अडकेल का’ हा प्रश्न मला आता अर्धाच वाटतो. अडकण्याची भीती पूर्वीइतकी उरलेली नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय बऱ्याच ठिकाणी आली आहे. चार वर्षांची पदवी केली तर एम.एससी. एका वर्षाची होऊ शकते, म्हणजे बेरीज तीच पाच. माझी काळजी वेगळी असते: तिसऱ्या वर्षी बाहेर पडलीच, तर हातातल्या कागदावर कोणता विषय लिहिलेला असेल?

याचं एक उदाहरण मी मामांना चहानंतर दाखवलं. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालत नाही. पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एक विषय पदवीला हवा, किंवा शेती, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवी हवी. कांदळवनं वन खात्याकडे, मालवणचं सागरी अभयारण्य (१९८७ साली जाहीर झालेलं) वन खात्याकडे. किनाऱ्याचंच शिक्षण घेतलेली मुलगी त्या खात्याच्या परीक्षेला केवळ विषयाच्या नावामुळे बसू शकली नाही, तर काय म्हणायचं? संशोधनाकडे जायचं तर सीएसआयआर या केंद्रीय विज्ञान परिषदेची नेट ही पात्रता परीक्षा पृथ्वी-वातावरण-समुद्र या गटातून द्यायची की जीवविज्ञानातून, हेही आधीच्या वर्षांत काय शिकलात त्यावर ठरतं.

मग आम्ही चौघांनी मिळून पत्रकातली विषयांची यादी वाचली. ‘शाश्वत’ हा शब्द अकरा वेळा होता, संख्याशास्त्र एकाच सत्रात. मला ते खटकलं. नकाशे करण्याचं संगणकीय काम, दूरसंवेदन (उपग्रहावरून निरीक्षण), लाटा आणि गाळ यांचं भौतिक, हे चांगलं होतं. प्रत्यक्ष किनाऱ्यावर किती दिवस नेणार, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तिला म्हटलं, तूच पत्र लिही. तिसऱ्या वर्षी पदवी देता का, तिच्यावर मुख्य विषय कोणता छापता, आणि किनाऱ्यावर किती दिवस. पालकांनी फोन केला की गोड उत्तरं मिळतात, विद्यार्थ्याने लेखी विचारलं की लेखी द्यावी लागतात.

उत्तर येईपर्यंत दुसऱ्या वाटाही चाचपल्या. जवळच्या महाविद्यालयात साधी बी.एससी. करून गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाची एम.एससी. करणं, ही आमच्या भागातली मळलेली वाट. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथून हाकेच्या अंतरावर आहे. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालयही होतं, तिथली पदवी मासळीभोवती बांधलेली. ती वाचून मुलगी म्हणाली, ‘‘मला मासे नको, वाळू हवी.’’

हे वाक्य ऐकून बाबा तिच्याकडे पाहतच राहिले.

खरी बोलणी तिथून सुरू झाली. बाबांनी सांगितलं की पलीकडच्या वाडीपुढे दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घातला आणि दोन पावसाळ्यांत यांच्या बाजूची वाळू जायला लागली. मी म्हटलं, हे किनारा विज्ञानातलं पहिल्या धड्याचं दुखणं आहे. भिंत असते तिथे लाट मागे फिरते, आणि भिंत संपते त्या टोकाला खणते. त्यातून वाळू काही एकाच जागी बसत नाही. पावसाळ्यात लाटा ती समुद्रात ओढतात, पुढे शांत महिन्यांत पुष्कळशी परत आणून टाकतात. त्यामुळे जूनमधलं एक माप आणि नोव्हेंबरमधलं एक माप घेऊन ‘किनारा गेला’ किंवा ‘किनारा आला’ म्हणणं चूक. हे मोजणारी, नकाशावर मांडणारी माणसं लागतात.

‘‘सीआरझेडचो नकाशो तीच माणसां करतत?’’ बाबांनी विचारलं. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणारा नियम, हा शब्द आमच्या किनाऱ्यावर लहान पोरालाही पाठ आहे, कारण घराची एक खोली वाढवायची तरी तो आडवा येतो. २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीत २०० मीटर असा बांधकामबंदीचा पट्टा धरला आहे. ती भरतीरेषा नकाशावर कुठे आखायची, हे कुणीतरी मोजून ठरवतं. चेन्नईला त्यासाठी केंद्र सरकारची किनारा व्यवस्थापनाची संस्था आहे. हैदराबादच्या समुद्र माहिती केंद्राकडून मच्छीमारांना मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवलं जातं, उपग्रहाने पाहिलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून. तो निरोप बाबांच्याही फोनवर येतो. ‘‘कदी लागता, कदी नाय,’’ असा त्यांचा अभिप्राय. पण तो पाठवणारंही कुणीतरी पगारी माणूस असतं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

नोकरीचं मी गुळगुळीत करून सांगितलं नाही. सरकारी संस्थांतली बरीचशी सुरुवात प्रकल्पावरच्या कंत्राटी जागेने होते, प्रकल्प संपला की पुन्हा शोध. बंदरं, पूल, सांडपाण्याच्या वाहिन्या यांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या खासगी कंपन्या आहेत. तिथे काम मिळतं, पण कधी कधी आपल्याच गावाविरुद्ध जाणारा अहवाल समोर येऊ शकतो. शिक्षकी पेशा हवा तर नेट किंवा पीएच.डी. लागणार. मामांचा चेहरा पडला. मी तो पडू दिला.

नऊ दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं. तिसऱ्या वर्षी बी.एससी. घेता येते. मुख्य विषय भूशास्त्र किंवा प्राणिशास्त्र, तो पदवीवर छापला जातो. संख्याशास्त्राबद्दल काही बोलले नाहीत, ते तिला बाहेरून करावं लागणार होतं. तिने भूशास्त्र निवडलं आणि गेली. पत्रात ‘पदवीवर’ हा शब्द नसता तर मी तिला साध्या बी.एससी.कडे वळवलं असतं, हे मी बाबांना तेव्हाच सांगितलं होतं.

पहिल्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा मला फोन केला. जुनी वही तिथल्या सरांना दाखवली होती. सर म्हणाले, भरतीची उंचीच लिहिलेली नाही, मग ही मापं एकमेकांशी ताडायची कशी? उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येची) भरती वर येते, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) खालीच थांबते. चार वर्षांची मेहनत फुकट गेली म्हणून ती रात्रभर रडली. मग आठवलं की तिथी आहे. तिच्या गावात भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतात: पंचमी असेल तर पावणेचारला. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशीर करतो, हिशोब जवळजवळ जुळतो. आणि तिथीवरून उधाण की भांग, तेही कळतं. तिने पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची, त्यातही फक्त नोव्हेंबरमधली पानं वेगळी काढली. ऐंशी-नव्वदातली अकरा उरली.

‘‘मगे काय दिसता?’’ बाबांनी विचारलं.

‘‘अकरा पानांवरून काही म्हणता येत नाही, बाबा.’’

‘‘ह्यां सांगूक पाच वर्सां लागतली?’’ ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. भरती ओसरल्यावर दोराचं दुसरं टोक धरायला ते तिच्याबरोबर खाली उतरले.