वाचक विचारतात: बांगड्याचा वास आणि गोठलेलं खोबरेल

प्रश्न: आमचा झील आठवीत आहे. ट्यूशनच्या सरांनी सांगितलं की स्थायूचे कण स्थिर असतात, द्रवाचे सरकतात, वायूचे मोकाट धावतात. तो विचारतो की थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं तेव्हा कण एकदम थांबतात का? आणि माझा प्रश्न, वायूचे कण एवढे धावतात तर शेजारी बांगडे तळले की वास आमच्याकडे यायला दोन-तीन मिनिटं का लागतात?
– एक वाचक, मालवण

उत्तर: आधी झिलाचं बघूया, कारण तो बरोबर जागी अडलाय. कण थांबत नाहीत. सगळा घोळ त्या 'स्थिर' शब्दाने केलाय. स्थायूतले कण जागा सोडत नाहीत एवढंच, बाकी जागच्या जागी थरथर चालूच, तीही सेकंदाला लाखो कोटी वेळा. उणे 273 अंशांपर्यंत थंड करत नेलं तरी ती पार संपत नाही.

आंगणेवाडीच्या जत्रेत दर्शनाच्या रांगेत उभे आहात असं समजा, पाय हलवायला जागा नाही पण अंग हलतंच ना, तो झाला स्थायू. रांग फुटली की तीच माणसं, तेवढीच चिकटून, पण आता एकमेकांना घासत वाट काढतायत, तो द्रव. म्हणजे द्रवात कण लांब लांब जातात असं काही नाही, फक्त जागा बदलता येते. खोबरेल साधारण 24 अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे आपल्याकडे थंडीत पहाटे बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही आणि दुपारी उन्हात ठेवली की पुन्हा पातळ. रुंद तोंडाच्या बरणीत असेल तर नीट बघा, गोठलेल्या तेलाला मधे खळगा पडलेला असतो, कारण कण रांगेत लागले की थोडी कमी जागा घेतात. पाणी याबाबतीत उफराटं, बर्फ झालं की जास्त जागा अडवतं, म्हणून तर बर्फ तरंगतो.

आता बांगडे. हवेतले कण सेकंदाला साधारण 500 मीटर धावतात, म्हणजे तासाला 1800 किलोमीटर, या वेगाने मालवणहून मुंबई वीस मिनिटांत! (कोकण रेल्वेवाल्यांनी मनावर घेऊ नये.) वासाचे कण जड, ते जरा हळू, पण तरी बंदुकीच्या गोळीच्या जवळपासचेच. मग अडतं कुठे? तर धडकांत. एकेका कणाला सेकंदाला काहीशे कोटी धडका बसतात, दर धडकेला दिशा बदलते, त्यामुळे धावतो खूप आणि पोचत कुठेच नाही. वारा अजिबात नसेल, हवा पूर्ण शांत असेल, तर नुसत्या या धडपडीने वासाला एक मीटर जायला काही तास लागतील. आणि दहा मीटरला दहापट नाही हां, शंभरपट वेळ. म्हणजे तुमचा प्रश्नच उलटा करायला हवा, वास दोन मिनिटांत आला कसा? त्याला चुलीवरून वर चढणारी गरम हवा आणि खाडीकडून येणारा वारा उचलून आणतो, कणांची स्वतःची धाव त्यात थोडीच.

कण दिसत नाहीत मग हे कळलं कसं, हा झिलाचा पुढचा प्रश्न असणारच. 1827 मध्ये रॉबर्ट ब्राउनला सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांतले बारीक कण पाण्यात उगाच नाचताना दिसले, 1905 मध्ये आइनस्टाइनने हिशेब मांडला की पाण्याचे कण चहूबाजूंनी ढकलतात म्हणून ते नाचतात, आणि पुढे फ्रान्सच्या पेरँनी मोजून तो खरा करून दाखवला.

घरी करायचं असेल तर दोन ग्लास घ्या, एकात गरम पाणी, एकात फ्रिजचं, आणि स्ट्रॉने तळाशी हळूच चमचाभर कोकमाचं आगळ सोडा. गरमातला लाल रंग लवकर पसरतो. अर्थात गरम पाणी स्वतःही आतल्या आत फिरतं, त्यामुळे सगळं श्रेय कणांना देऊ नका. थंड ग्लासात मात्र तासाभराने पण तळाला लाल थर दिसायला हवा. फक्त ग्लास ओट्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताशी ठेवू नका, आमच्याकडे कुणीतरी सरबत समजून ढवळून पिऊन टाकलं.