आठ वर्षांची मुलगी मालिकेत गाजतेय, मोठेपणी अभिनयाचं करिअर टिकेल का?

टिकू शकतं, पण फार थोड्यांचं टिकतं, म्हणून तिची शाळा कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. मी घोडबंदर रोडवरच्या सेट्सवर सहायक दिग्दर्शक आहे, लहान कलाकार रोज बघतो. गोंडस चेहऱ्यावर मिळालेलं काम बारा-तेराव्या वर्षी आटतं. आवाज बदलतो, उंची वाढते आणि भूमिकाच नसतात. सचिन पिळगांवकरांचं उदाहरण बघा. ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये ते जेमतेम पाच वर्षांचे होते, 1975 मध्ये ‘गीत गाता चल’चे नायक आणि ‘शोले’तला अहमद, 1988 मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’चे दिग्दर्शक, आणि 2015 मध्ये ‘कट्यार’मधले खाँसाहेब. दर टप्प्यावर नवं काहीतरी शिकलेलं होतं, म्हणून ते टिकले.

तुम्ही आत्ता एवढं बघा, चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी हे नियमच आहेत:
- दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती
- कमाईतली किमान 20 टक्के रक्कम तिच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत

पहिला नियम सर्रास मोडला जातो. रात्री साडेनऊला मेकअपसकट खुर्चीत झोपलेली, मांडीवर गृहपाठाची वही उघडी असलेली मुलगी मी पाहिली आहे. अशा वेळी आईवडिलांनीच उठून ‘आता बस’ म्हणायला हवं. मात्र तिला स्वतःला कॅमेऱ्यासमोर मजा येत असेल, तर केवळ भविष्याच्या धास्तीने काम बंद करू नका.