क्रियापद शोध

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

होणाऱ्या लेकरासाठी तुझी अकरा नावांची यादी मिळाली. समोर अर्थ: सिंह, दव, लाट, प्रकाश. खाली प्रश्न, ‘काका, यातलं सगळ्यात धार्मिक कुठलं?’ अरे, पेटीतला आंबा आहे का हा, देवगडचा कुठला विचारायला?

जुनी हिब्रू नावं पुष्कळदा वाक्यंच असतात. क्रियापद शोध. नथनेल: देवाने दिलं. इश्माएल: देव ऐकेल. इसहाक: तो हसेल. नव्वदीला टेकलेल्या सारेला मूल होणार म्हटल्यावर ती तंबूच्या दाराआड हसली. चक्क अविश्वासाने हसली! ते हसू पोराच्या नावात राहिलं. आता हे धार्मिक की अधार्मिक, तूच सांग.

आणि शुद्ध नावाचं खूळ डोक्यातून काढ. एस्तेर राणीचं हिब्रू नाव हदस्सा, पण पुरीमच्या सणाला आपण बेने इस्राएल यहुदी एस्तेरच म्हणतो. तिच्या चुलतभावाच्या, मर्दखयच्या नावात तर बाबेलचा देव मर्दूक बसलाय. मोशेचं नाव ठेवलं फारोच्या मुलीने, पाण्यातून ओढून काढला म्हणून. बघ, पुन्हा क्रियापद.

शमुवेल घे. त्याची आई हन्ना म्हणते, मी याला परमेश्वराजवळ मागून घेतलं. गंमत अशी की ‘मागणं’ या नावात नीट बसत नाही, शौल राजाच्या नावात बसतं. पंडित भांडोत बापडे. नवसाचं पोर म्हणजे काय, हे एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, गोड पोह्यांचा मलिदा करणाऱ्या आपल्या घरांना कुणी शिकवायला नको.

माझं नाव तेच. कचेरीत साहेबाची जीभ वळेना, म्हणून एकतीस वर्षं मी ‘सॅम’ राहिलो. ‘शेम’ म्हणजे नाव, ‘एल’ म्हणजे देव. मी नाव ठेवलं आणि देव कापला. घरात खाणारी सहा तोंडं होती, तेव्हा भांडणार कुणाशी? तरी भांडायला हवं होतं. जाऊ दे.

आजोबा समाजी. गावच्या कबरस्तानात त्यांच्या दगडावरचं शेवाळ मी नखाने खरवडलं, तर वर हिब्रूत शमुवेल, खाली मराठीत समाजी. त्यांनी नाव तोडलं नव्हतं, कोकणच्या तोंडात बसवलं होतं. १७९६ साली मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग बांधणारे समाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुवेल यहेज्केलच. यहेज्केल: देव बळ देईल. क्रियापद!

यादी बायकोला दाखवलीस? नसशीलच. हन्नाने नाव यादीतून निवडलं नव्हतं. नऊ महिने पोटाशी हात धरून ही पोरगी काय म्हणत होती, ते आधी विचार तिला. मुलगा झाला तर आठव्या दिवशी ‘अमुक बेन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, म्हणून मोठ्याने पुकारायचंय. तो तमुक तू आहेस. तेव्हा तुझं स्वतःचं नावही एकदा उलगडून बघ, माझ्यासारखा साठीत नको.

मलिद्याचे पोहे मी आणतो. नारळ तुमच्याकडे.

तुझा काका