सुचवणे की सांगणे?

प्रश्न : माझ्या अहवालाचा मसुदा वाचून आमच्या ब्रिटिश वरिष्ठ बाई "यू माइट वॉन्ट टु लुक अ‍ॅट द सेकंड सेक्शन अगेन" एवढेच म्हणाल्या. 'वाटल्यास पाहा' असा अर्थ घेऊन मी तो भाग तसाच ठेवला आणि नंतर त्यांची नाराजी ओढवून घेतली. बदल हवाच होता, तर त्यांनी तसे स्पष्ट का सांगितले नाही?

उत्तर : त्यांनी बदल करायलाच सांगितले होते, आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्या बहुतेकांना ते तसेच ऐकू आले असते. वाक्याची रचना निर्णय तुमच्यावर सोपवते हे खरे. परंतु मसुदा तपासण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच सगळ्या अहवालातून नेमके एका भागावर बोट ठेवले, हे लक्षात घेतले की 'वाटल्यास' हा अर्थ टिकत नाही. तो भाग ठीक असता, तर त्याचा उल्लेख करण्याचे त्यांना कारणच नव्हते.

तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही प्रक्रिया उलगडून दाखवली आहे. बोलणारा प्रसंगाला धरून आणि पुरेसे बोलत आहे, असे आपण गृहीत धरतो. शब्द अपुरे वाटले, तर न बोललेला अर्थ आपणच शोधतो. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात त्याचे इंग्रजी उत्तम आहे आणि तो तासांना नियमित हजर असतो, एवढेच लिहिलेले असेल, तर निंदेचा एक शब्दही नसताना वाचणारा काय ते समजतो. हे उदाहरण त्यांचेच आहे.

विनंती किंवा टीका करताना समोरच्याचा मान दुखावू नये आणि त्याच्यावर दडपण येऊ नये, म्हणून बोलणारा त्याला मोकळीक ठेवतो. इंग्रजीत त्यासाठी भूतकाळसुद्धा वापरला जातो. "आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प" म्हणणाऱ्याला मदत आत्ताच हवी असते. क्रियापद मागे सरकवल्याने मागणी सौम्य होते आणि नकार देणेही सोपे जाते. याला दांभिकपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यामागे समोरच्याविषयीची खरी काळजी असते.

बोलणारा कोठला आहे, हेही पाहावे लागते. "क्वाइट गुड" हे अमेरिकी माणसाच्या तोंडी बहुधा कौतुक असते, तर ब्रिटिश माणसाच्या तोंडी पुष्कळदा 'ठीक आहे' इतकेच.

मित्राने सहलीविषयी "यू माइट वॉन्ट टु" म्हटले, तर ती खरोखर सूचनाच असते; तुमचे काम तपासणाऱ्या व्यक्तीने म्हटले, तर ते काम करून टाकावे. तरीही शंका राहिली, तर "वुड यू लाइक मी टु रिव्हाइज इट?" असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर सहसा सरळ मिळते आणि विचारल्याचा कोणालाही राग येत नाही.