जानेवारीत नासाऊ ग्रुपर का धरायचा नाही

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नोकरीसाठी कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांपैकी ग्रँड केमनला आलात, सुट्टीच्या दिवशी गरवायला जाता, आणि १ डिसेंबर ते ३० एप्रिल नासाऊ ग्रुपर धरायला बंदी आहे कळल्यावर वैतागलात. एरवी बोटीमागे दिवसाला ५ चालतात, मग तेच वर्षभर का नको? आणि धरून परत सोडला तर कुणाचं काय बिघडतं?

आधी मासा समजून घ्या. हा आपल्या गोबऱ्याचाच भाऊबंद. एरवी एकलकोंडा, प्रवाळातली आपली कपार सहसा सोडत नाही. गळाला लागला तर एखाद-दुसरा. पण थंडीतली पौर्णिमा आली की बेटाभोवतीचे मोठे मासे प्रवाळाच्या कडेकडेने पोहत एका ठिकाणी गोळा होतात. जागा बहुधा अशी, की प्रवाळाचं टोक समुद्रात घुसलेलं असतं आणि पुढे एकदम खोल कडा. पौर्णिमेनंतर काही दिवसांनी, दिवस मावळताना, अंडी सोडायची आणि घरी परतायचं. हंगामात अशा दोन-तीनच पौर्णिमा, आणि पिढ्यानपिढ्या जागा तीच.

घात होतो तो इथेच. केमनमधल्या जुन्या जागा अशाच एकेक करून रिकाम्या झाल्या. त्यातल्याच लिटल केमन या छोट्या बेटाच्या पश्चिम टोकाची जागा २००१ मध्ये मच्छीमारांना सापडली तेव्हा तिथे अंदाजे ७,००० मासे होते. दोन हंगामांत त्यातले ४,००० च्या आसपास निघाले. ट्रॉलर नाही, मोठी जाळी नाही. दोरी आणि गळ, बस्स. शिवाय हा मासा डोळ्यांत धूळ फेकतो. कितीही घटला तरी उरलेले जमतातच, त्यामुळे बोटवाल्याला शेवटपर्यंत वाटतं की मासा मुबलक आहे.

आता तुमच्या ५ चा हिशोब करू. समजा त्या टोकावर ४० बोटी आल्या आणि १० दिवस प्रत्येकीने कायद्यात बसून ५-५ काढले. झाले २,०००, आणि त्यातल्या माद्या गाबोळीने भरलेल्या. एरवी विखुरलेल्या माशाला ही मर्यादा पुरते. जत्रेला जमलेल्या माशाला नाही. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात लोटतात, इथे पौर्णिमा आली की या टोकापासून लांब राहायचं, एवढं लक्षात ठेवा.

सरकारने या जागांवर २००३ मध्ये बंदी घातली, पण फळ लगेच आलं नाही. लिटल केमनचा २००९ चा अंदाज होता १,२०० च्या आसपास. बंदीला सहा वर्षं झाल्यावर हा आकडा! तेव्हा कुणी 'काय उपयोग?' म्हणालं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. पण पिल्लू वयात यायलाच चार-पाच वर्षं लागतात, आणि प्रवाह उलटा असला तर अख्ख्या वर्षाची अंडी भर समुद्रात वाहून जातात. एखादं वर्ष साधलं की मग चित्र पालटतं. २०१८ पर्यंत तिथे ७,००० च्या वर मासे झाले. हे आकडे नुसत्या नजरेच्या अंदाजाचे नाहीत. पर्यावरण खातं आणि 'रीफ' ही संस्था पाणबुडे उतरवून काही माशांना खूण लावतात, मग खुणेचे किती आणि बिनखुणेचे किती दिसले त्यावरून एकूण संख्या काढतात.

धरून सोडण्याबद्दल. घोळीचं भोत तुम्हाला माहीत असेल, तीच हवेची पिशवी यालाही असते. खोलातून भराभर वर ओढला की ती फुगते, कधीकधी जठर तोंडातून बाहेर येतं. वरून पोहत गेल्यासारखा दिसतो, पण पुढे जगेलच याचा भरवसा नाही. चुकून लागलाच तर सोडावा लागेलच. पण मुद्दाम त्या जागी गळ टाकून 'मी सोडतो की' म्हणणं मला पटत नाही.

मे ते नोव्हेंबर धरलात तरी १६ ते २४ इंचांतलाच ठेवता येतो, आणि भाल्याने अजिबात मारायचा नाही. वरची मर्यादा विचित्र वाटते ना? मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त, म्हणून.

राहिला जानेवारीचा प्रश्न. त्या दिवसांत बाहेर खोल पाण्यात वाहू चांगला लागतो, सुरमईच्याच कुळातला. चालत्या बोटीमागे आमिष ओढायचं, तळाला गळ सोडायचाच नाही, म्हणजे ग्रुपर चुकून लागण्याची भीतीही जवळजवळ राहत नाही. तुकड्या मात्र पातळ कापू नका, लवकर कोरड्या पडतात.