वाचक विचारतात: ‘फ्रीरेन’चे भाग इतके संथ का?

प्रश्न: मुलाच्या आग्रहावरून मी ‘फ्रीरेन: बियाँड जर्नीज एंड’ ही जपानी ॲनिमे मालिका पाहायला घेतली. रोज रात्री स्वयंपाकघर आवरले की एक भाग पाहते. सध्या बारा भाग झाले आहेत. असुरराजाचा वध होऊन गेल्यावर कथा सुरू होते, पुढची ५० वर्षे काही मिनिटांत सरतात, आणि एक निळे फूल शोधण्यात मात्र महिने जातात. मुलगा म्हणतो, ‘आई, खरी मजा पुढे परीक्षेच्या भागांत आहे.’ हा संथपणा मालिकेचा दोष मानावा, की माझाच धीर कमी पडतो आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर: धीर कमी पडला असता तर आपण बाराव्या भागापर्यंत पोहोचलाच नसतात. फ्रीरेन ही हजार वर्षांहून अधिक जगलेली एल्फ, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या दीर्घायुषी जातीची मांत्रिक आहे आणि मालिकेतला काळ तिच्या हिशेबाने चालतो, हे ध्यानात घेतले की आपल्याला खटकलेली गोष्ट उलगडते. असुरराजाला मारणाऱ्या हिमेल, हाइटर आणि आयझेन या साथीदारांसोबतचा १० वर्षांचा प्रवास तिच्या लेखी चार दिवसांच्या पाहुणचाराइतका असतो. म्हणूनच ५० वर्षांनी पुन्हा होणारा उल्कावर्षाव पुढच्या खेपेला चांगल्या जागेवरून दाखवीन, असे ती सहज बोलून जाते. ती परतते तेव्हा समोर उभा असलेला हिमेल टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा असतो, आणि ती स्वतः तसूभरही बदललेली नसते. मधली वर्षे सविस्तर दाखवली असती, तर हिमेलच्या अंत्यविधीच्या वेळी, या माणसाला जाणून घ्यायचे राहून गेले, म्हणून तिला फुटणारे रडू आपल्याला इतके लागलेच नसते.

फुलाचा शोध लांबतो तो याच कारणाने. ते फूल हिमेलच्या गावचे आहे, आणि त्याच्या पुतळ्याभोवती ते लावावे यासाठी ती प्रथमच वेळ ‘खर्च’ करते आहे. क्वाल नावाच्या असुराचा भाग आठवून पाहा. ८० वर्षांच्या बंदिवासातून सुटल्यावर तो आपले प्राणघातक अस्त्र सोडतो आणि फ्रीरेनची कोवळी शिष्या फर्न ते सरळ अडवते, कारण दरम्यानच्या काळात माणसांनी त्या अस्त्राचा इतका अभ्यास केलेला असतो की आता ती मांत्रिकांची नेहमीची विद्या झाली आहे. एल्फला किरकोळ वाटणाऱ्या ८० वर्षांत माणसे किती पुढे जातात, हे एवढ्याशा चकमकीतून कळते. मला तर पुढच्या मोठ्या लढायांपेक्षा हीच अधिक आवडते.

रोज एक भाग पाहण्यामुळेही संथपणा अधिक जाणवला असावा. २९ सप्टेंबर २०२३ रोजी निप्पॉन टीव्हीने पहिले चार भाग चित्रपटांच्या वेळेत सलग दोन तास दाखवले होते, आणि ते तसे पाहिले की म्हाताऱ्या हिमेलपासून चौथ्या भागातल्या नववर्षाच्या सूर्योदयापर्यंत एकच धागा दिसतो. तो सूर्योदय फ्रीरेनला काही फार सुंदर वाटत नाही. शेजारच्या फर्नचा उजळलेला चेहरा पाहून मात्र तिला बरे वाटते. केइइचिरो साइतो यांचे दिग्दर्शन अशा ठिकाणी घाई करत नाही, याबद्दल त्यांचे आभारच मानावेत. (जाता जाता: आपल्याकडे जर्मन शिकलेल्यांना या मालिकेत वेगळीच गंमत आहे. हिमेल म्हणजे आकाश, आयझेन म्हणजे लोखंड, फर्न म्हणजे दूर आणि फ्रीरेन म्हणजे गोठणे.)

आपल्या मुलाशी माझे पूर्ण एकमत नाही. पहिल्या पर्वाच्या २८ भागांपैकी अठराव्यापासून शेवटपर्यंतचे भाग मांत्रिकांच्या परीक्षेने व्यापले आहेत. मॅडहाउस या स्टुडिओची कारागिरी तेथे डोळे दिपवते, विशेषतः फ्रीरेन आणि फर्न मिळून फ्रीरेनच्याच प्रतिकृतीशी लढतात तेव्हा. पण परीक्षार्थींची गर्दी इतकी होते की कोण कोणाच्या गटात आहे हे आठवावे लागते, आणि हिमेलच्या आठवणींना मिळणारी जागा आक्रसते. लढाया आवडणाऱ्या तरुण प्रेक्षकाला ते भाग अधिक भावणे साहजिक आहे. आपल्याला बहुधा त्याआधीचेच भाग जवळचे वाटतील.

तेव्हा परीक्षेपर्यंत पोहोचण्याची घाई करू नका. दोनच दिवसांनी आपण चौदाव्या भागाशी याल. त्यात एका अंगठीची आठवण आहे. ती येथे सांगून टाकणे बरे नव्हे. फ्रीरेनच्या बोटात अंगठी घालताना हिमेल कसा बसतो, तेवढे नीट पाहा, कारण त्या वेळी तिचे तिकडे लक्षच नसते.