चांदोलीत वाघ दिसेल का, आणि नाही दिसला तर बघायचं काय?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून दोन दिवसांसाठी निघायचंय, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि नऊ वर्षांचा मुलगा. ताडोबा लांब पडतं, तर चांदोलीला जावं का, वाघ दिसेल का, आत बघण्यासारखं काय आहे.

वाघाचं आधी मिटवून टाकू. दिसणार नाही असंच धरून चला. 2010 साली चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण त्यानंतर कॅमेऱ्यात वाघाचा पहिला फोटो सापडायला 2018 चा मे उजाडला. 2025 च्या अखेरीला ताडोबातून वाघीण आणून इथं सोडली, म्हणजे वाघ वाढवायचं काम आत्ता कुठं सुरू झालंय. जंगल साडेअकराशे चौरस किलोमीटरच्या वर, आणि त्यात वाघ बोटांवर मोजण्याइतके. मुलाला 'वाघ बघायला चाललोय' असं सांगून नेऊ नका. मी माझ्या भाच्याला तसं सांगून नेलं होतं. परतीच्या वाटेवर पेठ नाक्यापर्यंत पोरगं एक शब्द बोललं नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याकडचा, चांदोलीच्या वाटेवरचा. पंधरा वर्षांत सात-आठ वेळा आत गेलोय आणि वाघ एकदाही बघितला नाही. तरी जातो.

ताडोबाची सवय असलेल्यांची इथं एक गफलत होते. तिकडं रान बरंच सपाट, उन्हाळ्यात सागाची पानं झडतात, नजर लांबवर जाते, पाणवठ्यावर गाडी लावली की कोणी ना कोणी येतं. चांदोली हा सह्याद्रीचा ऐन माथा. पश्चिमेला कोकणात तुटणारे कडे, पूर्वेला वारणेचं खोरं आणि मधे बारमाही हिरवं, गच्च रान. रस्त्यापासून दहा-पंधरा फुटांपलीकडे बऱ्याच ठिकाणी काहीच दिसत नाही. त्यामुळं इथं जनावर दिसण्याआधी ऐकू येतं, नाहीतर त्याच्या खुणा वाचाव्या लागतात. एकदा ही गोष्ट मान्य केली की मग मजा यायला लागते.

एका मार्चमधली गोष्ट. सकाळची वेळ, वळणावर वाटाड्यानं गाडी थांबवायला लावली. मला काहीच दिसेना. फक्त कारवीच्या वाळक्या काड्या कडकड मोडत होत्या आणि भात्यासारखा एक श्वास येत होता. मी दार उघडायला हात घातला तर तो दबक्या आवाजात म्हणाला, "पाव्हणं, हलू नगासा." मिनिटभरात उजव्या अंगाला आधी चार पांढरे मोजे दिसले, मग वरचं काळं धूड. गव्याचा नर. गाडीच्या टपाच्या वर त्याची पाठ. आमच्याकडं एकदा बघितलं, नाकातून फुर्रकन हवा सोडली आणि रस्ता ओलांडून असा काही उतरला की एवढं जनावर गेलं कुठं कळेना. मागं रस्त्यावर ताजं, वाफाळतं शेण. वाटाड्यानं त्यातल्या बिया काडीनं बाजूला करून दाखवल्या.

असा माणूस सोबत असला तर मुलाचा दिवस मजेत जातो. अस्वलानं उकरलेलं वारूळ, झाडाच्या सालीवर त्याच्या नखांचे ओरखडे, केस मिसळलेली बिबट्याची विष्ठा, उंच फांदीवर काटक्यांचा भारा अडकवल्यासारखं दिसणारं शेकरूचं घरटं. शेकरू आपला राज्यप्राणी, पण शाळेच्या पुस्तकाबाहेर तो पहिल्यांदा मी इथंच बघितला. मार्चच्या आसपास गेलात तर अंजनीची झाडं निळ्याजांभळ्या फुलांनी फांदीला चिकटून फुललेली असतात. ते दृश्य फोटोत काही केल्या येत नाही.

आत गाडीरस्त्यावरची मुख्य ठिकाणं म्हणजे जनीचा आंबा, विठलाईचं देऊळ, लपणगृह (लपून जनावरं बघायची जागा) आणि झोळंबीचा सडा. यातलं सड्यासाठी वेळ राखून ठेवा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. घनदाट रानातून गाडी वर येते आणि एकदम आभाळ उघडतं. खाली वसंतसागर जलाशय डोंगरांच्या बोटांमधून पसरलेला दिसतो. चांदोलीच्या मातीच्या धरणानं अडवलेलं हे वारणेचं पाणी, साडेचौतीस टीएमसीच्या आसपास. उन्हाळ्यात सडा करपलेला, तव्यासारखा असतो आणि काही लोक "इथं काय आहे?" म्हणून पाच मिनिटांत परत गाडीत बसतात. तुम्ही तसं करू नका. ऊन कलल्यावर अर्धा तास गप्प बसा. भेकर नावाच्या छोट्या हरणाचं भुंकणं खालच्या रानातून वर येतं, आणि तुमच्या मुलाला ते कुत्रंच वाटणार.

आता जरा विषय सोडून, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. या जंगलाला लोक 'निर्मनुष्य' म्हणतात. ते तसं नव्हतं. 1985 साली अभयारण्य झालं, धरण झालं, 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि या सगळ्यात आतली गावं उठली. आमच्याकडं 'धरणग्रस्त' आणि 'अभयारण्यग्रस्त' हे दोन शब्द लहान पोरांनाही माहीत असतात. माझ्या आत्याचं सासर आतल्याच एका गावचं. आता ती माणसं खाली वाळव्याकडं राहतात, जमिनीचे कागद अजून पुरते झालेले नाहीत. मी पहिल्यांदा आत जायला निघालो तेव्हा आत्यानं एवढंच विचारलं, "आमच्या परड्यातला फणस असंल का रं अजून?"

तुम्हीही नीट बघा. गच्च रानात मधेच ओळीनं लावल्यासारखी आंब्या-फणसाची झाडं दिसतात. त्यांच्या बुडाशी जोत्याचे दगड, कुठं गोठ्याची ओळ, कुठं कलंडलेलं तुळशीवृंदावन. मी एका फणसाचा फोटो काढून आत्याला दाखवला. तिनं मोबाईल लांब धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ह्यो न्हवं. आमचा नदीच्या अंगाला हुता." नदीच्या अंगाला आता जलाशय आहे. मी पुढं काही बोललो नाही.

आणि हो, तिथली फळं आता गव्यांची, अस्वलांची, माकडांची. एक पानसुद्धा बाहेर आणायला परवानगी नाही, तेव्हा मुलाला आधीच सांगून ठेवा.

प्रचितगडाबद्दल वाचलं असेल तर आई-वडिलांना घेऊन त्याचा विचार सोडा. गड उद्यानाच्या पश्चिम कडेला, वारणेच्या उगमाच्या बाजूला आहे. नेहमीची चढण कोकणातून, संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपुरातून. दमछाक करणारी खडी वाट आणि शेवटी लोखंडी शिडी. 1661 साली शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतलं आणि हा मुलूख स्वराज्यात आला. येसूबाईंचं माहेर तेच. तरुण मित्रमंडळी असतील तेव्हा त्या बाजूनं करा, पण वनखात्याला विचारल्याशिवाय नाही. जवळचं पाथरपुंज हे गाव पावसासाठी प्रसिद्ध आहे. काही वर्षी तिथं सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेलाय. त्यावरून इथं पावसाळ्यात काय होत असेल ते समजा.

म्हणूनच साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उद्यान बंद असतं. जुलै-ऑगस्टमध्ये 'चांदोली' म्हणून जे हिरवेगार व्हिडिओ फिरतात, ते बहुतेक बाहेरचे: उखळूचा धबधबा, गुढे-पाचगणीचं पवनचक्क्यांचं पठार. तीही ठिकाणं सुंदर आहेत, पण शनिवार-रविवारी तिथं इतकी गर्दी असते की मी आता जात नाही.

तुमच्यासाठी मी डिसेंबर-जानेवारी सुचवीन. हवा थंड, आई-वडिलांना त्रास नाही, पक्षीही भरपूर. जनावरं जास्त दिसायला हवी असतील तर मार्च-एप्रिल, कारण पाणवठे आटत येतात. पण दुपारचं ऊन वयस्कर माणसांना झेपणार नाही. ऑक्टोबरात उघडल्या उघडल्या गेलात तर रान तजेलदार असतं, मात्र गवत इतकं वाढलेलं की गवा चार हातांवर असला तरी कळणार नाही, आणि ओल्या जागी जळवा लागतात. सोबत मीठ-हळद असू द्या.

वाट सोपी आहे. बंगळूर महामार्गानं पेठ नाका, तिथून शिराळा, कोकरूड, आरळा, मणदूर, वारणावती. पुण्यापासून अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. चहा-नाश्ता धरून पाच तास लागतात. शिराळ्यात समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक आहे, आईंना तिथं थांबायला आवडेल. भुईकोट किल्ल्याच्या जागेवर संभाजी महाराजांना सोडवण्याचा प्रयत्न झाला होता असं गावात सांगतात. तो किस्सा ऐकायचा असेल तर देवळाबाहेर बसलेल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, तासाची निश्चिंती.

मुक्काम वारणावतीला करा. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आत शिरायचं असेल तर शिराळ्याहून किंवा कराडहून येण्यात अर्थ नाही, पहिले दोन तास रस्त्यातच जातात आणि तेच कामाचे असतात. परवानगी, वाटाडा, स्वतःची गाडी चालते की त्यांचीच घ्यावी लागते, हे नियम हंगामागणिक बदलतात. वन्यजीव कार्यालयात निघायच्या चार दिवस आधी विचारा आणि आदल्या दिवशी पुन्हा एकदा. आम्ही एकदा नुसतं ऐकीव माहितीवर गेलो आणि नाक्यावरून परत आलो होतो. सहा माणसं आणि डबाभर शिरा.

आत हॉटेल नाही, टपरी नाही, मोबाईलला रेंज जवळपास नाहीच. आई-वडिलांची औषधं हाताशी ठेवा. रस्ता कच्चा आहे, ज्याला कंबरेचा त्रास आहे त्याला मधल्या सीटवर बसवा. भाकरी-झुणका आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवला तर सकाळी बांधून मिळतो. भडक रंगाचे कपडे नकोत, अत्तर नको. मुलासाठी दुर्बीण न्या, साधी चालेल, आणि एक वही. वाटाडा दाखवील त्या प्रत्येक ठशाचं चित्र काढायला सांगा. मी दुसऱ्या खेपेला भाच्याला हेच काम दिलं होतं. त्यात गवा, भेकर, साळिंदर आणि एक ठसा असा होता की वाटाड्यानं खाली बसून दोनदा बघितला, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाला, "चला, गाडीत बसा." कशाचा ते त्यानं सांगितलं नाही. भाच्यानं वहीत त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.